बॅलडमध्ये, म्हणजे संथ गाण्यात, म्हातारे वादक इतके कमी सूर का वाजवतात, आणि तरुण इतके जास्त का?

विलंबित_गायत्री

बरेच दिवस डोक्यात घोळतंय. इथे जॅझ ऐकणारे चार-पाच जण तरी आहेत हे माहितीये म्हणून धागा काढतेय. मी वाजवत वगैरे नाही, नुसती ऐकते, सुरुवात पियानिस्ट बिल एव्हान्सपासून झाली आणि मग मागे मागे जात राहिले. सध्या बेन वेबस्टर आणि आर्ट टेटमचं १९५६ चं रेकॉर्डिंग कानाला चिकटलंय. त्यातलं 'माय वन अँड ओन्ली लव्ह' ऐका. टेटम पियानोवर नुसता सुटलाय, एक फट मोकळी सोडत नाही, आणि वेबस्टर टेनर सॅक्सवर चाल वाजवतोय. फक्त चाल. थोडी इकडे ओढून, थोडी तिकडे सोडून, पण गाणं तेच. मध्येच सूर संपतो तरी हवा ऐकू येत राहते, फुस्स करून, आणि मला दर वेळी त्या हवेपाशीच भरून येतं.

मग मुद्दाम हेच गाणं आजच्या पंचविशी-तिशीतल्या दोन-तीन वादकांचं शोधून ऐकलं (नावं देत नाही, उगाच वाद नको). तयारी अफाट, सूर स्वच्छ, काय काय जागा काढतात, पण पहिले आठ बार (आवर्तनं) झाले की मी हरवते. गाणं कुठे गेलं तेच कळत नाही. चांगलं वाजवतायत हे कळतं, पण आत काही जात नाही.

माझा मावसभाऊ सॅक्स शिकतोय, तो म्हणतो "अगं जुन्या लोकांचं सोपं असतं, तुला जुनं ते सोनं वाटतंय बाकी काही नाही". पटलं नाही, पण उत्तरही देता आलं नाही.

तर हा खरंच पिढीचा फरक आहे का माझे कान तयार नाहीत? आणि या ज्येष्ठ वादकांचं जे कौतुक होतं त्यात संगीत किती आणि वयाचा मान किती? जाणकारांनी प्रकाश टाकावा. धाग्याचा काश्मीर (भांडणाचा आखाडा) करू नये ही नम्र विनंती :)

खडूस_काका

वयाचा मानच जास्त. ऐंशी वर्षांचा माणूस काठी टेकत स्टेजवर आला की लोक आधीच उभे राहून टाळ्या पिटतात, मग तो काहीही वाजवो. दम उरलेला नसतो म्हणून दोन सूर लावतो आणि बसतो, आणि आपण त्याला परिपक्वता म्हणून मोकळे. आपल्याकडे शास्त्रीय मैफिलीत तरी वेगळं काय होतं? दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

टेनरवाला

काका, दिवे घेतले, पण दम उरला नाही म्हणून कमी, हे सॅक्स वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, उलटं आहे. जलद लयीत श्वासाची चोरी खपून जाते, बॅलडमध्ये लगेच पकडली जाते.

गायत्रीताई ज्याला फुस्स म्हणतायत त्याला सबटोन म्हणतात. खालचा जबडा सैल सोडायचा, ओठाची रीडवरची (सॅक्सच्या तोंडाशी थरथरणाऱ्या पट्टीवरची) पकड कमी करायची, आणि पोटातून हवेचा रेटा मात्र तस्साच ठेवायचा. गोची तिथेच आहे. ओठ सैल सोडला की हवाही आपोआप सैल सुटते आणि सूर खाली बसतो नाहीतर फाटतो, टेनरच्या अगदी खालच्या सुरांवर तर हमखास. वेबस्टर सूर जिभेने बंद करत नाही, हवा हळूहळू काढून घेतो, त्यामुळे रीड थरथरायची थांबते आणि शेवटी नुसता श्वास उरतो. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं बीबॉपच्या (जलद, गुंतागुंतीच्या जॅझच्या) लायनी तोंडपाठ धडाधड वाजवून दाखवतात आणि एकच लांब सूर सबटोनमध्ये धर म्हटलं की चौथ्या बीटला गळपटतात. तुमच्या मावसभावाला हे करायला सांगा, सोपं आहे का ते त्याचं त्यालाच कळेल.

पण मला वाटतं खरा फरक याच्याही आधीचा आहे, गाणं कानावर कसं आलं तिथला. वेबस्टरच्या काळातल्या लोकांना ही सगळी गाणी शब्दांसकट माहीत होती, कारण ती तेव्हाची चालू गाणी होती, रेडिओवर, सिनेमात, ब्रॉडवेच्या नाटकात. बँडमध्ये गायक असायचा आणि रोज रात्री हे लोक त्याच्या मागे बसून तेच शब्द ऐकायचे. सॅक्सवाला लेस्टर यंग तर मुलाखतीत सांगायचा की वाजवणाऱ्याला गाण्याचे शब्द माहीत पाहिजेत. टेनरवाल्या डेक्स्टर गॉर्डनची सत्तरच्या दशकातली लाइव्ह रेकॉर्डिंगं ऐका, बॅलड सुरू करण्याआधी हा माणूस माइकवर त्या गाण्याच्या ओळी म्हणून दाखवतो, त्याच्या त्या खर्जातल्या संथ आवाजात, आणि मग सॅक्स तोंडाला लावतो. एक ऐकीव किस्सा पण आहे की एकाने सोलोच्या मध्येच वाजवणं थांबवलं, का तर म्हणे शब्द विसरलो. कधी वेबस्टरच्या नावावर सांगतात कधी लेस्टरच्या, खरा असो नसो, किस्सा ज्या अर्थी टिकलाय त्या अर्थी त्यात तथ्य आहे.

मग सत्तरच्या दशकात बॉस्टनला बर्कली संगीत कॉलेजच्या पोरांनी 'रिअल बुक' नावाचं गाण्यांचं पुस्तक काढलं. झेरॉक्स केलेलं, कॉपीराइट वगैरे गुंडाळून ठेवलेलं, दुकानात काउंटरच्या खालून मिळायचं. त्यात चाल आणि कॉर्ड, शब्द नाहीत. आणि आता फोनवरच्या ॲपमध्ये तर चालही नसते, चौकोनात नुसत्या कॉर्डची नावं. मागे एक मुलगा 'बॉडी अँड सोल' तयार करून आला. वाजवलं झकास. मी विचारलं हे गाणं कशाबद्दल आहे रे? तर म्हणतो, "सर, डी फ्लॅट. ब्रिज डी मेजरला जातो." त्याचं काही चुकलं नाही हो, ब्रिज, म्हणजे गाण्याचा मधला तुकडा, खरंच डी मेजरच्या पट्टीत जातो. पण त्याला गाणं भेटलंच होतं तसं.

अजून एक गोष्ट ऐकून बघा. जुने लोक बॅलडवर मुक्काम ठोकत नाहीत. चाल एकदा, मग पियानोला अर्धा कोरस (कोरस म्हणजे गाण्याचा एक पूर्ण फेरा), आणि परत येताना पहिल्यापासून नाही, थेट ब्रिजपासून चाल उचलायची, शेवटचे आठ बार, संपलं. आजच्या जॅममध्ये (आयत्या वेळी जमून वाजवतात तिथे) बॅलड पुकारलं की चार सॅक्सवाले ओळीने दोन-दोन कोरस घेतात आणि तोवर बासवाल्याला डुलकी लागते.

आकडेमोड_सुमेध

+१ सबटोनला. पण टेनरवाले, पिढीचा मुद्दा मला तितका सरळ वाटत नाही, कारण आपण ज्यांना मनात म्हातारे धरून चाललोय ते म्हातारे होते कधी? 'बॉडी अँड सोल'चाच विषय निघालाय तर टेनर सॅक्सवाल्या कोलमन हॉकिन्सने ते ऑक्टोबर १९३९ मध्ये रेकॉर्ड केलं, तेव्हा तो ३४ वर्षांचा. माइल्स डेव्हिसने ट्रम्पेटला म्यूट (आवाज दबवणारं टोपण) लावून 'माय फनी व्हॅलेंटाइन' पहिल्यांदा रेकॉर्ड केलं १९५६ ला, वय ३०. बिल एव्हान्सचं व्हिलेज व्हॅनगार्डमधलं 'माय फुलिश हार्ट', जून १९६१, वय ३१, आणि बासवर जो स्कॉट लफॅरो आहे तो पंचवीसचा, दोन आठवड्यांच्या आत अपघातात गेला. सॅक्सवाल्या कोल्ट्रेनने गायक जॉनी हार्टमनला घेऊन गायत्रीताईंचं हेच 'माय वन अँड ओन्ली लव्ह' १९६३ मध्ये केलं तेव्हा कोल्ट्रेन ३६ चा. म्हणजे ज्येष्ठांची म्हणून आपण जी बॅलड्स डोक्यावर घेतो त्यातली बरीचशी तिशीतल्या माणसांनी वाजवलेली आहेत. आपल्याला फक्त फोटो कृष्णधवल दिसतात.

आणि गाणं हरवण्याची तक्रारही जुनीच. हॉकिन्सच्या त्या रेकॉर्डमध्ये मूळ चाल किती आहे? पहिले काही बार, बस. त्यानंतर दोन कोरस तो कॉर्डवरून चढत उतरत जातो आणि शेवटी चालीकडे परतसुद्धा येत नाही. तरी ते रेकॉर्ड ज्यूकबॉक्सवर धो धो चाललं. सॅक्सवाल्या चार्ली पार्करने १९४७ साली 'एम्ब्रेसेबल यू' केलं, त्यात तर पहिल्या बारपासून स्वतःचीच सहा सुरांची एक छोटी ओळ घेतो आणि तीच फिरवत बसतो, मूळ चाल जवळजवळ नाहीच. आज त्याला आपण क्लासिक म्हणतो.

मला विचाराल तर भेद पिढ्यांचा कमी आणि घराण्याचा जास्त. हॉकिन्स १९०४ चा, लेस्टर यंग १९०९ चा, पाच वर्षांचं अंतर. एकाने कॉर्ड पकडले, दुसऱ्याने चाल आणि शब्द. तेव्हापासून दोन्ही वाटा चालूच आहेत. तुम्ही ऐकलेले तरुण बहुतेक हॉकिन्सच्या वाटेचे असणार.

जाता जाता, सध्याच्या तिशी-पस्तिशीत शब्दांना धरून चालणारे पण आहेत. गायिका सेसिल मॅक्लोरिन सॅल्व्हंट (१९८९ चा जन्म) आणि पियानोवर सलिव्हन फोर्टनर, जवळजवळ दोघांचंच 'द विंडो' म्हणून २०१८ चं रेकॉर्ड आहे. ती एकेक शब्द असा उलटासुलटा करून बघते की गाणं लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं यावरच शंका येते. हिला नॉस्टॅल्जिया म्हणणार का?

धोबीतलाव_नाना

बऱ्याच दिवसांनी इथे काहीतरी वाचण्यासारखं आलं. वय पंचाहत्तर आहे, त्यामुळे काकांच्या हिशेबाने माझ्या प्रतिसादाला उभं राहून टाळ्या द्याव्यात.

तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय, लोक नाचायचे. बॅलड हे बसून डोळे मिटून ऐकायचं प्रकरण नंतर झालं, आधी ती जोडीने नाचायची गाणी. आमच्या इथे गोवेकरांचे कुड (सामायिक राहण्याच्या जागा) होते, तिथला एक म्हातारा ट्रम्पेटवाला आमच्या गल्लीत यायचा, तारुण्यात हॉटेलातल्या बँडमध्ये वाजवलेला, पुढे मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलातले बँड बसले, मग बाकीच्यांसारखा तोही सिनेमाच्या स्टुडिओत गेला. म्हातारपणी ख्रिश्चन लग्नात वाजवायचा. लग्नात शेवटी शेवटी स्लो नंबर घेतात ना, दिवे मंद करून, तेव्हा हा माणूस चालीच्या बाहेर पाऊल टाकायचा नाही. मी तेव्हा नवा नवा रेकॉर्डं ऐकायला लागलो होतो, मला वाटायचं याला जास्त येत नसेल. एकदा विचारलं तर समोर नाचणाऱ्या जोडप्यांकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, मी इकडे तिकडे गेलो तर तो तिच्या पायावर पाय देणार.

आता सुमेधरावांच्या हॉकिन्सकडे परत या. ते १९३९ चं रेकॉर्ड तीन मिनिटांचं आहे कारण ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं. त्यात दोन कोरस बसवायचे म्हणजे लय फार संथ ठेवताच येत नाही. घड्याळ लावून मोजा, मिनिटाला नव्वदच्या आसपास बीट पडतात. आजचा तरुण वादक तेच गाणं पन्नास-साठला घेतो. म्हणजे बॅलड जसजशी नवी होत गेली तसतशी जलद नाही, संथ होत गेली, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. १९४८ ला लाँग प्ले आली, वेळेचं बंधन सुटलं, नाचणारे कमी झाले, लोक क्लबात खुर्चीवर बसून ऐकायला लागले. दोन बीटांच्या मध्ये एवढी मोकळी जागा मिळाल्यावर कुणीही त्यात काहीतरी भरणारच की. तुमच्या तरुणांचं जास्त वाजवणं तिथून आलंय, बिचाऱ्यांना उगाच दोष देऊ नका.

अवांतर: १९७८ ला मुंबईत पहिली जॅझ यात्रा झाली, निरंजन झवेरी आणि मंडळींनी भरवलेली, तेव्हा सॅक्सवाला सनी रोलिन्स आला होता. आम्ही चाळीतली चार पोरं गेलो होतो. तोवर हे लोक म्हणजे आमच्यासाठी रेकॉर्डच्या कव्हरवरचे फोटो. त्याला समोर बघून पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे आवाजाचा आकार. रेकॉर्डवर ती कळतच नाही. आमच्यातल्या एकाने दुसऱ्या दिवशी सॅक्स विकत घ्यायचा निश्चय केला, भाव ऐकून हार्मोनियमवर समाधान मानलं.

खडूस_काका

नानांना उभं राहून टाळ्या. (वयाला नाही, पायावर पाय देण्याला.)

पण माझा मुद्दा अजून तिथेच आहे. गायिका बिली हॉलिडेचं 'लेडी इन सॅटिन' घ्या, १९५८. वय त्रेचाळीसच्या आत, पण आवाज सत्तरीचा. मागे चाळीसेक... जाऊदे, भरपूर व्हायोलिनं, आणि पुढे हा घासलेला, चिरलेला आवाज. ज्याला त्याला त्यात आयुष्यभराचं दुःख ऐकू येतं. मला आवाज गेलेली बाई ऐकू येते. तिचीच १९३० च्या दशकातली रेकॉर्डं लावा, लेस्टर यंग मागे वाजवतोय, त्यात गाणंही आहे आणि दुःखही आहे आणि आवाजही आहे. मग मी पडझड का ऐकू? आणि ही दीडेक वर्षात गेली हे माहीत नसतं तर तुम्हाला तरी तेवढंच भिडलं असतं का, प्रामाणिकपणे सांगा.

एडिसनकर

काकांचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही, पण एक रेकॉर्ड सुचवतो ज्यात आजारपणाची माहिती न देता मी लोकांना ऐकवलंय. स्टॅन गेट्झ आणि केनी बॅरन, 'पीपल टाइम', मार्च १९९१, कोपनहेगनच्या कॅफे मॉन्मार्त्रमध्ये लाइव्ह. फक्त सॅक्स आणि पियानो. गेट्झला लिव्हरचा कॅन्सर होता आणि जूनमध्ये तो गेला, पण ते बाजूला ठेवा. ऐकताना लक्ष ठेवा ते श्वास कुठे घेतो यावर. तरुणपणी जी ओळ तो एका दमात ओढायचा तिचे इथे दोन तुकडे होतात, आणि तुकडा जिथे पडतो तिथे बॅरन पियानोवर एखादाच कॉर्ड ठेवतो किंवा काहीच ठेवत नाही. चार्ली हेडनचं 'फर्स्ट साँग' आहे त्यात, तिथे हे स्पष्ट ऐकू येतं. म्हणजे दम कमी पडतोय हे काकांचं खरंच, पण त्या कमी दमाप्रमाणे त्याने वाक्यं नव्याने बांधलीत. हे पडझडीपेक्षा वेगळं आहे ना?

मी न्यू जर्सीत राहतो म्हणून अजून एक. टेनरवाले म्हणतात तसं शाळांमुळे शब्द गेले, अर्धं मान्य. पण हाच केनी बॅरन १९७३ पासून पंचवीसेक वर्षं इथे जवळच रटगर्स विद्यापीठात शिकवत होता. म्हणजे शाळेत नुसतं पुस्तक नव्हतं, पुस्तकातली गाणी जुन्या लोकांबरोबर बसून वाजवलेला माणूस समोर होता.

आणि शाळेच्या बाहेरचीही एक शाळा असायची, ती म्हणजे गायिका बेटी कार्टरचा बँड. बाई बॅलड इतकं संथ गायची की पुढचा बीट येणार की नाही अशी धाकधूक व्हावी, आणि मागे वाजवायला मुद्दाम विशीतली पोरं घ्यायची. बेनी ग्रीन, सायरस चेस्टनट, ड्रम्सवर लुइस नॅश, ग्रेगरी हचिन्सन, सगळे तिच्या हाताखालून गेलेले. तिथे काही भरायला गेलात तर बाई वळून बघायची, पुढचं सांगायला नको. शर्ली हॉर्न तशीच, पण ती पियानो स्वतः वाजवायची त्यामुळे जागा किती सोडायची ते तिच्याच हातात. 'हिअर्स टू लाइफ' ऐका, १९९२ चं. हिची पहिली रेकॉर्डं ऐकून माइल्सने १९६० च्या सुमारास तिला न्यूयॉर्कला बोलावून घेतलं होतं, म्हणजे कमी वाजवण्याबद्दल ज्याची ख्याती त्याला हिचं कौतुक.

आता उलट दिशेचं उदाहरण. एमेट कोहेन नावाचा पियानिस्ट आहे, १९९० चा जन्म. लॉकडाउनमध्ये हार्लेमच्या आपल्या घरातून दर आठवड्याला लाइव्ह वाजवायचा, यूट्यूबवर आहेत सगळे. त्याने ज्येष्ठांबरोबर रेकॉर्डची एक मालिकाच केलीये: जिमी कॉब, रॉन कार्टर, बेनी गोल्सन, जॉर्ज कोलमन, ह्यूस्टन पर्सन. गायत्रीताई, यातलं ह्यूस्टन पर्सनबरोबरचं ऐका. पर्सन १९३४ चा, वेबस्टरच्याच वाटेवरचा जाड, मऊ आवाज, चाल सोडत नाही. आणि कोहेन, जो एरवी पियानोवर भरपूर बोलतो, तो त्याच्या मागे अगदी आज्ञाधारक होतो. तोच मुलगा दुसऱ्या तरुणांबरोबर वाजवताना ऐका. वयाचा मान म्हणतात तो हा, पण तो कानाला ऐकू येतो आणि संगीताच्या फायद्याचा आहे.

विलंबित_गायत्री

बापरे, वाचनखूण साठवली सगळ्यांची. नानांचं पायावर पाय देणं घरी सगळ्यांना ऐकवून झालं.

सुमेध, तुझा घराण्याचा मुद्दा पटला पण पूर्ण नाही. काल रात्री माइल्सचीच दोन 'माय फनी व्हॅलेंटाइन' पाठोपाठ ऐकली, १९५६ चं आणि १९६४ चं लिंकन सेंटरचं. माणूस तोच ना? वाटही तीच असायला हवी. पण पहिलं सहा मिनिटांचं, शिस्तीत, आणि दुसरं जवळपास पंधरा मिनिटांचं, त्यात लय मधेच विरघळते, मधेच दुप्पट होते, चाल अशी काही तुकड्यातुकड्यात येते की ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा आणि परत दिसेनासा व्हावा. आणि गंमत म्हणजे इथे मी हरवले नाही. तरुणांच्या वाजवण्यात हरवते आणि इथे नाही, असं का?

अजून एक, मी लहानपणापासून घरी ख्याल ऐकत आलेय, मल्लिकार्जुन मन्सूरांच्या उतारवयातल्या रेकॉर्डिंगवर तर वडिलांचं प्रेम, त्यामुळे म्हाताऱ्या आवाजाची मला सवय आहे. काका, 'लेडी इन सॅटिन' मला भिडतं. मरणाची तारीख माहीत नव्हती तेव्हाही भिडलं होतं. आता भांडा.

आकडेमोड_सुमेध

१९६४ चा हिशेब तर माझ्या पथ्यावरच पडतो :) त्या रात्री माइल्स ३७ चा, पण मागे कोण होतं बघा. ड्रम्सवर टोनी विल्यम्स, वय १८. हर्बी हॅन्कॉक २३, रॉन कार्टर २६. लय विरघळतेय ती या पोरांनी विरघळवलेली आहे, आणि माइल्स त्यांच्या मागे जातोय. म्हणजे इथे म्हाताऱ्याने (३७!) तरुणांकडून बॅलड शिकून घेतलं. आणि त्या रात्री टेनरवर जो जॉर्ज कोलमन आहे तोच एडिसनकरांच्या यादीत ऐंशी ओलांडल्यावर कोहेनबरोबर वाजवतोय. एकाच माणसात दोन्ही टोकं.

(त्या मैफलीची कथा पण भारी आहे. मिसिसिपी आणि लुइझियानातल्या कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी निधी म्हणून कार्यक्रम होता, माइल्सने पोरांना सांगितलं बिदागी सोडा, त्यावरून स्टेजवर जायच्या आधी चांगलीच जुंपली. सगळे रागात वाजवतायत. संथ गाणी एका रेकॉर्डवर काढली आणि जलद गाणी दुसऱ्या.)

टेनरवाला

गायत्रीताई, तुम्ही तिथे हरवत नाही कारण माइल्सला चाल इतकी पाठ आहे की तो तीन सूर वाजवून बाकीचे तुमच्या डोक्यात वाजवून घेतो. न वाजवलेली चालही चालूच असते. कॉर्डच्या चौकोनातून शिकलेल्याला हे जमत नाही कारण त्याच्या डोक्यात सोडून द्यायला काही नसतंच. सुमेध, घराणं म्हण, पिढी म्हण, मी माझ्या मुलांना अजूनही आधी शब्द गायलाच लावणार. बेसूर गातात, बाहेर कुत्री भुंकतात, चालतं.

खडूस_काका

गायत्रीताई, भांडणार होतो पण मन्सूरांचं नाव काढलंत. कान पकडले त्या नावापुढे, हॉलिडेबाईंपुढे नाही.

विलंबित_गायत्री

हाहा. बरं, एक शेवटचा प्रश्न आणि मग धागा तुमचा. नाना म्हणाले लय नव्वदवरून पन्नासवर आली. इतक्या संथ लयीत ड्रमर नक्की करतो काय? मला नुसतं खसखस ऐकू येतं.

ब्रशवाला

बोलावलंत? इतका वेळ गप्प वाचत होतो, ड्रमर लोकांना तसंही शेवटीच विचारतात.

ती खसखस म्हणजे ब्रश. तारांचा झुपका असतो, डाव्या हाताने स्नेअरच्या (समोरच्या छोट्या ड्रमच्या) कातड्यावर गोल गोल फिरवायचा, उचलायचा नाही, आणि उजव्या हाताने वरून हलके ठोके. काठीचा आवाज पडला की संपला, पण ब्रशचा आवाज ओढता येतो, म्हणून बॅलडला ब्रश. मिनिटाला पन्नास बीट म्हणजे दोन बीटांमध्ये सव्वा सेकंदाच्या आसपास अंतर. नव्वदला ते सेकंदाचे दोन तृतीयांश. ऐकायला फरक किरकोळ वाटतो पण हाताला विचारा. एवढ्या अंतरात हात पुढे पळतो, कुणाचाही पळतो. त्यामुळे आम्ही मनातल्या मनात दुप्पट मोजत असतो आणि बाहेर ते कळू द्यायचं नसतं. नवीन ड्रमरचं ते बाहेर कळतं, तो मधल्या जागेत टिकटिक भरायला लागतो, मग सॅक्सवाल्याला वाटतं लय दुप्पट झाली आणि तोही सुटतो. गायत्रीताई ज्याला तरुणांचं जास्त वाजवणं म्हणतायत त्यातलं निम्मं पाप आमच्या जमातीचं.

कोल्ट्रेनच्या 'बॅलड्स' रेकॉर्डवर एल्विन जोन्स ऐका. एरवी घर हलवणारा माणूस, तिथे ब्रश घेऊन असा बसलाय की शेजारी झोपलेलं मूल उठू नये.

पण काकांच्या पहिल्या मुद्द्याबद्दल सांगायचं तर माझं उदाहरण ड्रमर पॉल मोशियन. 'माय फुलिश हार्ट'वर बिल एव्हान्सच्या मागे तोच आहे, तिशीत, आणि तिथे तो जागा सोडतो पण लय कुठे आहे ते तुम्हाला कळत राहतं. पुढे साठीच्या आसपास बिल फ्रिझेल (गिटार) आणि जो लोव्हानो (टेनर) यांच्याबरोबर त्याने याच जुन्या ब्रॉडवेच्या गाण्यांची 'ऑन ब्रॉडवे' नावाची रेकॉर्डं काढली, १९८८ पासून पुढे. त्यात ब्रॉडवेच्या बॅलड्सवर हा गृहस्थ लय दाखवतच नाही. एखादी झांज, मग बराच वेळ काही नाही, मग भलत्याच जागी बास ड्रम. पहिल्यांदा ऐकताना वाटतं याला ऐकू येईनासं झालं की काय. आणि लोव्हानो शांतपणे चाल वाजवत असतो, गाणं कुठेही सांडत नाही. म्हणजे म्हातारपणी हा सोपा झाला नाही, अवघड झाला, आणि तरुणपणी त्याने जे केलं ते त्या मानाने नाचता येण्यासारखं होतं. नाना, ही रेकॉर्डं लावून कुणाला नाचवून बघा.

धोबीतलाव_नाना

लावतो. बायकोचा गुडघा बरा झाला की कळवतो.